कापलेली सहा मिनिटं

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुला आणि मामीला नमस्कार. फोन केला असता, पण तू पलीकडून नुसतं "हां, हां" म्हणत राहतोस आणि ठेवल्यावर मामीला विचारतोस, कोणाचा होता गं. चाळीस वर्षं थिएटरच्या केबिनमध्ये मशीनचा खडखडाट ऐकल्यावर कानांनी संप पुकारला तर त्यांचा काही दोष नाही. म्हणून पत्रच बरं.

तर बातमी अशी की काल मी तुझा सिनेमा पाहिला. तुझाच, तो बोटीवरच्या खुनाचा. आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याला एक जुना सिनेमा दाखवतात. पन्नास खुर्च्या, त्यातल्या बारांवर माणसं, आणि मधल्या रांगेत मी. धुक्यातून ती बोट धक्क्याला लागली आणि मी एकदम आठ वर्षांची झाले. ती गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितली आहेस की पात्रांच्या आधी संवाद माझ्याच तोंडून बाहेर पडत होते. शेजारच्या आजोबांनी दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

लाकडाच्या वखारीचा मालक बोटीवरच्या खोलीत मेलेला सापडतो. उतरणाऱ्या लोकांमध्ये काळा माणूस एकच, पियानोचे सूर जुळवून देणारा कारागीर, आणि सगळं गोरं गाव लगेच ठरवून मोकळं होतं की हाच तो. मग तो आंबट तोंडाचा इन्स्पेक्टर येतो, ज्याची नक्कल तू खालचा ओठ पुढे काढून करायचास. मामा, तुझी नक्कल त्याच्यापेक्षा बरी होती. हे मामीला वाचून दाखवू नकोस, ती म्हणेल आणखी चढवू नकोस त्याला.

पण एक सांगते, तू थापाड्या आहेस. त्या तिकीटवाल्या बाईचा उलटतपास तू मला कधीच सांगितला नाहीस. तीच ती, जी कोर्टात उभी राहून म्हणते की रात्री त्या खोलीतून निघताना मी याला पाहिलं. अख्ख्या सिनेमात त्याच्या तोडीचं काही नाही, आणि तू मात्र मला बोटीच्या कंदिलाचं कौतुक सांगत बसलास. मी घरी आल्यावरही बराच वेळ त्याच प्रसंगात होते. जेवणावरही लक्ष नव्हतं.

इकडे दुकानात ठीक. म्हणजे चष्म्यांच्या महागड्या फ्रेमांचा एक डबा चोरीला गेला, त्यावरून आठ दिवस गडबड चालू आहे. मी काहीतरी पाहिलं होतं ते मालकांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. मालक माझ्यावर भलतेच खूश आहेत. वसंतात नवं दुकान उघडतायत, ते माझ्या हाती द्यायचं त्यांच्या मनात आहे. चौदा वर्षं लोकांना अंधारात बसवून "हे अक्षर दिसतंय का" विचारल्याचं फळ.

तुझी,
ठमी


११ फेब्रुवारी

ठमे, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. थापाड्या हा शब्द तिने दोनदा वाचला. मला पहिल्यांदाच ऐकू आला होता, पण तिला खात्री करून घ्यायची होती.

आता मुद्द्याचं. तो सिनेमा आमच्याकडे चौदा आठवडे चालला, दिवसाला तीन खेळ. म्हणजे तीनशेला सहा कमी एवढ्या वेळा मी तो केबिनच्या खिडकीतून पाहिला आहे. तू पाहिलास एकदा, तोही शेजारच्या आजोबांना त्रास देत. तर कोणाचं ऐकायचं ते तूच ठरव. त्यात असला काही उलटतपास नाही. हल्ली जुने सिनेमे धुऊन पुसून काढतात म्हणे, त्यात कोणा दीडशहाण्याने आपलं डोकं चालवलं असेल. उद्या त्या पियानोवाल्याच्या तोंडी गाणंही घालतील.

खरा सिनेमा असा आहे. बाई पायरी चढते, शपथ घेते, त्याच्याकडे हात करते आणि म्हणते, मी याला पाहिलं. की लगेच नदी. इन्स्पेक्टर धक्क्यावर एकटा उभा, कोट वाऱ्यावर उडतोय, आणि मागून कोणाच्यातरी बुटाची करकर ऐकू येते. काय जागा आहे ती. बाई ते नदी, मध्ये एक श्वास नाही. पुढे तोच पियानोवाला कोठडीत बसून, नुसत्या कानांनी, त्या करकरणाऱ्या बुटावरून खुनी ओळखतो. बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा माणूस. गोराच, पण काजळीने माखलेला. म्हणून तर ती बाई फसली बिचारी. तिचा काय दोष? तिला दिसलं ते तिने सांगितलं. बाकीचं गाव कुजबुजत बसलं होतं आणि ही एकटी पुढे होऊन बोलली. मला ती बाई फार आवडायची.

तू अगदी तिच्यावर गेली आहेस. दुकानात चोरी झाल्यावर बाकीच्यांनी माना खाली घातल्या असतील आणि तू सरळ जाऊन जे पाहिलं ते सांगितलंस. लहानपणीही तुझी नजर अशीच होती. मामीने लपवलेला खाऊ कुठे आहे ते मला तूच सांगायचीस. नव्या दुकानाबद्दल मामी फारच खूश आहे, शेजारणींना सांगून झालं. मला म्हणाली, बघा, तुमच्या घराण्यात कोणीतरी पुढे गेलं.

पण चोर कोण होता ते लिहिलं नाहीस. शेवट लपवून ठेवायची खोड माझी, तुझी नव्हे.

मामा


१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

ऐक, म्हणजे वाच. कोणी काही घातलेलं नाही. वाचनालयात ज्या बाई सिनेमे लावतात त्यांना मी मुद्दाम विचारून आले. तो प्रसंग पहिल्यापासून आहे.

बाई म्हणते, मी याला पाहिलं. इन्स्पेक्टर न्यायाधीशांची परवानगी घेऊन उठतो. तिच्यावर ओरडत वगैरे नाही. म्हणतो, त्याच दिवशी सकाळी याने तुमच्या खिडकीवर येऊन तिकीट घेतलं. परतीची बोट किती वाजता आहे हे त्याने विचारलं, तुम्ही सांगितलंत. बाई म्हणते, हो. मग तो तिला म्हणतो, आता माझ्याकडेच बघा. याला दाढी आहे का? बाई गप्प. चष्मा लावतो का? गप्प. तुमच्याएवढा उंच, की जास्त? एवढा वेळ कॅमेरा तिच्या तोंडावर नाहीच, तिच्या हातमोज्यांवर आहे. एका मोज्याचं बटण ती उघडते, लावते, उघडते, लावते. शेवटी हळूच म्हणते, मी काळा माणूस पाहिला. इन्स्पेक्टर विचारतो, कोणता? आणि मग ती पहिल्यांदा मान वळवून त्या कारागिराकडे बघते, मामा. पहिल्यांदा. त्याला दाढी आहे, आणि एका भुवईवर जुनी खूण आहे. तोही तिच्याकडे बघतो. सहा मिनिटांत तो एक शब्द बोलत नाही.

तेव्हा काजळीने ती फसली वगैरे तुझं चालणार नाही. सकाळी त्याच्याशी बोलली होती ती. समोर उभा होता तेव्हाच तिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं, मग रात्री कुठून पाहणार? आणि ती वाईट बाई नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. सगळ्यांशी गोड बोलते, बोट चुकलेल्या म्हातारीला स्वतःची खुर्ची देते.

म्हणून मला तिच्यासारखी म्हणू नकोस.

तू विचारलंस म्हणून सांगते. नाव आलं ते आमच्या फिटरचं. फिटर म्हणजे काचा घासून, कापून फ्रेममध्ये बसवणारा. मी नंबर काढते आणि तो चष्मा करतो, असं आमचं सात वर्षं चाललंय. लांबच्या देशातून आलेला आहे आणि काळा आहे, आमच्या दुकानात तसा एकटाच. मालकांनी त्याला घरी बसवलं आहे. महिन्याच्या आत डबा आणून दे, नाहीतर सही केलेला कागद पोलिसांकडे जाईल असं सांगितलं आहे. आणि त्याचं नाव कोणी घेतलं हे तुला आता कळलं असेल.

ठमी


२४ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र या वेळी मी स्वतःच वाचलं, मामीला दिलं नाही. मग दुपारी ती बाजारात गेल्यावर खुर्चीत बसून राहिलो. हातमोज्याचं बटण. तू ते लिहिलंस आणि मला ते दिसलं. दिसलं म्हणजे आठवलं.

तो प्रसंग आहे. मीच कापला.

सिनेमा आला त्या आठवड्यात मॅनेजर केबिनमध्ये आला. म्हणाला, लांबतोय, तीनचा खेळ सुटायच्या आत सहाच्या खेळाची माणसं दारात उभी राहतात, सहा मिनिटं काढ कुठूनतरी. कुठून ते त्याने सांगितलं नाही. ते माझ्यावर सोडलं. मी रीळ हातावर घेऊन बघितलं. खून कापता येत नाही, पाठलाग कापला तर लोक खुर्च्या तोडतील, आणि बोटीचा कंदील माझा आवडता. उरली ती बाई. नुसतं बोलणं, त्यातही अर्धा वेळ गप्प. कोणी धावत नाही, कोणी मरत नाही. मी तेवढी पट्टी काढली आणि "मी याला पाहिलं" ला नदी जोडली. जोड इतका सुरेख बसला की मी तेव्हा स्वतःवरच खूश झालो होतो. तू हसशील, पण कापताना मी बाईचं तोंड बघितलं नाही. फक्त जोड नीट बसतोय ना, मशीनमध्ये अडकणार नाही ना, एवढंच बघितलं.

मग तीनशेला सहा कमी वेळा तोच बघितला, आणि तोच खरा सिनेमा झाला. तुला सांगितली ती गोष्ट माझ्या कात्रीची आहे. मागच्या पत्रात ज्या जागेचं मी एवढं कौतुक केलं, "बाई ते नदी, मध्ये एक श्वास नाही", ती करणारा मीच. स्वतःची पाठ स्वतःच थोपटत होतो आणि मला पत्ता नाही.

संध्याकाळी मामीला सांगितलं. ती म्हणाली, चौदा आठवडे गावाला अर्धवट सिनेमा दाखवलात आणि माझ्या डब्यात मीठ कमी पडलं की तोंड वाकडं करायचात. 

पण ठमे, आपल्या गावात किती लोकांनी तो पाहिला असेल. ते सगळे घरी जाताना काय घेऊन गेले? एक हुशार इन्स्पेक्टर, एक करकरणारा बूट आणि काजळीने फसलेली एक भली बाई. त्या बाईला जे विचारायला हवं होतं ते कोणी विचारलंच नाही. मला लाज वाटली. या वयात लाज वाटायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, निवृत्तीबरोबर ती पण संपते असा माझा समज होता.

तर आता मी विचारतो. पत्र माझ्याकडे बघून लिही, मालकाकडे बघून नको. तू नेमकं काय पाहिलंस?

मामा


२ मार्च

प्रिय मामा,

तुझ्या पत्राचं उत्तर मी तीन वेळा लिहिलं. पहिली दोन तुला आवडली असती, छान जोड बसवलेले होते.

माझी तपासणीची खोली तुला माहीत आहे. खिडकी नाही, कारण अक्षरांचा तक्ता दिसायला अंधार लागतो. दाराला घासलेली काच आहे, आरपार न दिसणारी. दारापलीकडे बोळ, आणि बोळाच्या टोकाला मागचं दार, जे उघडं असलं की भरपूर उजेड येतो. त्या दुपारी माझ्यासमोर एक गिऱ्हाईक बसलं होतं आणि मी भिंगं बदलत होते. काचेपलीकडून कोणीतरी काखेत काहीतरी धरून मागच्या दाराकडे गेलं. काळं. बस, एवढंच.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, कोणी काही पाहिलं का. मी म्हणाले, बोळातून कोणीतरी गेलं. ते म्हणाले, कोण? मी म्हणाले, फिटर असावा. त्यांनी लिहिलं, फिटर होता. मी वाचलं आणि सही केली. मामा, "असावा" चं "होता" झालं ते मी पाहिलं होतं. मालक माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि घरी जायची वेळ झाली होती.

आता पुढचं ऐक. गेल्या मंगळवारी मी खोलीत एकटी होते, दिवा बंद. काचेपलीकडून फिटर गेला. पण तो तर घरी बसलाय. मी ताडकन दार उघडलं. बोळात आमचे मालक, हातात जेवणाचा डबा. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. उन्हात पाच मिनिटं उभे राहिले तर लाल होतात असा रंग. ते म्हणाले, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, जेवा.

मग मी वेड्यासारखं करून पाहिलं. गल्ल्यावरच्या मुलीला फाइल आणायच्या निमित्ताने चार वेळा बोळातून पाठवलं. चारही वेळा काळी. कुरिअरवाला, काळा. अंधाऱ्या खोलीतून उजेडाकडे बघितलं की मधला माणूस काळाच दिसणार. हे मला कळायला नको? माझं तर कामच हे आहे. कोणी गिऱ्हाईक असं बोललं असतं तर मी त्याला शास्त्र समजावून सांगितलं असतं, वर हसलेही असते.

आता तू म्हणशील, मग बसली काय आहेस. मी बसले आहे कारण मला भीती वाटते. मालक नाराज होतील, नवं दुकान जाईल, कदाचित हेही जाईल. चौदा वर्षं "तिची नजर चुकत नाही" यावर मी जगले. आणि फिटरचं काय चाललंय ते मला गल्ल्यावरच्या मुलीकडून कळलं. या नोकरीवर त्याचा इथे राहायचा परवाना आहे. नोकरी गेली तर बायको आणि मुलीला घेऊन निघावं लागेल. मुलगी इथल्या शाळेत पाचवीत आहे. कागद आठ तारखेला पोलिसांकडे जाईल.

हे सगळं मला माहीत आहे आणि तरी रोज सकाळी मी दुकानात जाते, खुर्ची खालीवर करते आणि लोकांना विचारते, दिसतंय का.

ठमी


४ मार्च

ठमे,

हे पत्र मी स्वतः जाऊन जलद डाकेने टाकतोय, पोस्टातल्या बाईने दोनदा विचारलं की आजोबा, इतकं काय तातडीचं आहे. मी म्हणालो, एक रीळ उलटं लागलंय.

जा आणि सांग. सगळ्यांसमोर सांग, कारण सही सगळ्यांना ठाऊक आहे. "चुकून" म्हणू नकोस, "गैरसमज" म्हणू नकोस, ते सगळे जोड आहेत आणि जोड मला लांबूनही ओळखू येतात. नवं दुकान जाईल. जाऊ दे. मामी शेजारणींना सांगून बसली आहे, तिची थोडी फजिती होईल, ती तिला सवयीची आहे, माझ्याशी लग्न केल्यापासून.

खाली मामी लिहितेय. मला वाचू देत नाही.

ठमे, यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, माझी काही फजिती होत नाही. तुझी आजी मला बघायला आली होती तेव्हा तिने माझा रंग पाहिला आणि नाक मुरडलं. मी शिकलेली होते, गात होते, तिला काही दिसलं नाही. पुढे वीस वर्षं माझ्या हातचं आवडीने खाल्लं, शेवटच्या आजारपणात मलाच हाक मारायची. पण चुकलं, असं एकदाही म्हणाली नाही. मी वाट बघत होते. अजून कधीतरी वाटतं, म्हणाली असती तर किती बरं झालं असतं. तू म्हण. तो क्षमा करेल म्हणून नाही. त्याला ऐकायला मिळायला हवं म्हणून.

मामी


२१ मार्च

प्रिय मामा, प्रिय मामी,

उशीर झाला, रागावू नका. आधी बातम्या सांगते, त्या मामीला शेजारणींना देता येतील.

नवं दुकान माझ्या हातून गेलं. ते आता गल्ल्यावरच्या मुलीला मिळतंय, आणि ती चांगलं चालवेल, उगाच मला वाईट वाटण्यात अर्थ नाही. माझी नोकरी आहे. मालक माझ्याशी कामापुरतं बोलतात. फिटर सोमवारपासून परत आला. डबा अजून सापडलेला नाही, आणि तो कोणी नेला हे मला माहीत नाही. या वेळी मी तसंच सांगितलं.

तुमचं पत्र सहा तारखेला मिळालं, सातला मी बोलले. सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळे पुढच्या खोलीत असतात, तेव्हा. मालकांना म्हणाले, एक मिनिट माझ्या खोलीत या. दिवा बंद केला, त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसवलं आणि बाकीच्यांना एकेक करून बोळातून चालायला सांगितलं. मग विचारलं, कोण कोण गेलं ते सांगा. एकही ओळखता आलं नाही त्यांना. दुकानातच हिशोब बघणारा स्वतःचा सख्खा भाऊ ओळखता आला नाही, तो तर लंगडतो. मामा, तुला तो प्रसंग बघायला हवा होता. पण नंतर मालक म्हणाले ते ऐकून हसू गेलं. म्हणाले, डोळे तपासणारीलाच दिसत नसेल तर मी गिऱ्हाईकांना काय तोंड दाखवू? त्यांनी कागद फाडला. पण मला म्हणाले, हे तुम्ही त्या दिवशीच सांगायला हवं होतं. बरोबर होतं त्यांचं. 

संध्याकाळी फिटरच्या घरी गेले. सात वर्षांत पहिल्यांदा. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. बायकोने दार उघडलं. मुलगी टेबलाशी नकाशा रंगवत होती. तो शर्टाला इस्त्री करत होता, ती त्याने बाजूला ठेवली आणि उभाच राहिला. बसा म्हणाला नाही, मीही बसले नाही. मी मामीने सांगितलं तसं सांगितलं. काय पाहिलं, काय नाही पाहिलं, आणि माझं चुकलं.

त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाला, "हे लिहून द्या. तोंडी माझ्या काय उपयोगाचं?" मुलीच्या वहीतला एक कागद मिळाला. मी लिहिलं, त्या दिवशी फिटरला पाहिलं हे सांगण्यात माझी कदाचित चूक झाली असावी. त्याने चष्मा लावला. त्याचा नंबर मीच काढलेला, काचा त्यानेच बसवलेल्या. वाचून कागद परत दिला आणि म्हणाला, "यातलं कदाचित काढा." मी दुसरा कागद घेतला. मी काचेतून एक सावली पाहिली, कोणाची ते मला माहीत नाही, नाव मी माझ्या मनाने घातलं. खाली सही आणि तारीख.

त्याने तो बायकोकडे दिला. तिने सावकाश वाचला. बोटाने शेवटच्या ओळीवर थांबली आणि मला विचारलं, "मनात यांचंच नाव का आलं?"

मामा, कोणी ओरडत नव्हतं. मुलगी रंगवायची थांबली होती. मी म्हणाले असते की उजेडाचा परिणाम, की धांदल होती. सगळं तयार होतं माझ्याकडे. मी म्हणाले, कारण ते काळे आहेत.

ती म्हणाली, "तेही लिहा."

मी लिहिलं.

तुमची,
ठमी